गुहागर तालुक्यातला चालू कॉटेज व्यवसाय विकत घ्यावा का? 'विस्ताराला वाव' याचे पैसे किती द्यायचे?

सुरंगी | १२ जून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा धागा काढतेय आणि तो लांबणार आहे, आधीच सांगते.

मी ५३ वर्षांची. बँकेत २९ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ कर्ज विभागात. मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोकांना कर्ज नाकारण्यात आयुष्य गेलं, आता स्वतःच एका धंद्याच्या प्रेमात पडलेय आणि मला नाही म्हणणारं कोणी घरात उरलेलं नाही. नवरा म्हणतो, "तुझे पैसे, तुझं डोकं." तो मूळचा कोरेगावचा. सासऱ्यांच्या मागे सातबाऱ्यावर त्याचं नाव लागलंय, म्हणजे कागदोपत्री शेतकरी. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली, माझ्या नावावर तुळशीवृंदावनाएवढीही जमीन नाही.

जागा हेदवी-वेळणेश्वर पट्ट्यात आहे. गाव मुद्दाम लिहीत नाही. एकूण ३४ गुंठे. चिऱ्याच्या चार खोल्या एका ओळीत, प्रत्येकीपुढे छोटी ओटी. मागे मालकांचं जुनं कौलारू घर, त्याच्या पडवीत पाहुण्यांची जेवणं. चाळीसेक माड, दीडशे पोफळी, सहा हापूसची कलमं आणि जायफळाची चार झाडं, ज्यांचं मालकीणबाईंना नातवंडांपेक्षा जास्त कौतुक. वाडीच्या टोकाला गेलं की सुरूंच्या मधून समुद्र दिसतो. चालत चार मिनिटं.

मालक ७१ वर्षांचे, गुडघे गेलेले. मुलगा परदेशात, तो येणार नाही. मागतायत १ कोटी ३५ लाख, "भांडीकुंडी, गिऱ्हाईक आणि नावासकट." रजिस्टरप्रमाणे गेल्या वर्षी खोल्यांच्या ६०० रात्री गेल्या, सरासरी २,६०० रुपये, म्हणजे १५ लाख ६० हजार. जेवणाचे वेगळे.

जाहिरातीतली शेवटची ओळ होती 'विस्ताराला भरपूर वाव'. आम्ही गेलो तेव्हा मालकांनी काठीने लाल मातीत रेघा मारून दाखवल्या. "इथे चार बसतात, तिथे चार, मध्ये पोहायचा टँक." मला त्या रेघांत सगळं दिसायला लागलं हो, अगदी टँकवरच्या निळ्या टाइल्ससकट. तिथेच घाबरले आणि परत आले.

सातबारा काढलाय. ३४ पैकी ११ गुंठे बिनशेती, बाकी बागायत. नावं तीन: मालक आणि त्यांच्या दोन बहिणी. "बहिणींचं काही नाही, हक्कसोड करून देतील," असं मालक म्हणतात. विहीर शेजाऱ्यांशी सामाईक.

तर विचारायचंय ते असं. असा धंदा विकत घेताना नेमकं काय विकत घेतो आपण? उत्पन्न खरं की खोटं कसं ओळखायचं? आणि पुढच्या आठ खोल्यांचे पैसे आज द्यायचे का? किमतीत तीसेक लाख तरी त्या रेघांचे आहेत असा माझा अंदाज आहे.

पुणेकर_पाहुणा | १२ जून

ताई, १.३५ कोटीत आमच्याकडे बाणेरला धड थ्री बीएचके येत नाही आणि तुम्हाला समुद्र मिळतोय. डोळे मिटून घ्या. रेवस-रेडी सागरी महामार्ग झाला की भाव दुप्पट.

गडगा | १२ जून

सागरी महामार्गाचं नाव मी अर्ध्या चड्डीत असल्यापासून ऐकतोय. आता मला चाळिशीचा चष्मा आहे.

सुरंगीताई, मी चिपळूणला असतो, जमिनीची मोजणी आणि कागदपत्रं हेच काम. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, त्यातच सगळं आलं.

चालत चार मिनिटं म्हणजे तीनशे मीटर धरू. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, लागतो. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागाचे दोन प्रकार केलेत. २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असलेल्या गावांना ५० मीटर ना-विकास क्षेत्र, बाकीच्यांना २००. तुमच्या त्या पट्ट्यात २१६१ माणसं जत्रेलाही जमत नाहीत. म्हणजे पहिल्या २०० मीटरमध्ये नवी वीट नाही. पुढच्या ३०० मीटरमध्ये पर्यटनाचं बांधकाम परवानगीने होतं, पण त्याला अटी आहेत. तळमजला अधिक एक, उंची ९ मीटरच्या आत, चटई क्षेत्र निर्देशांक ०.३३, म्हणजे सगळे मजले मिळून बांधकाम भूखंडाच्या एक तृतीयांशाएवढंच. आणि भूखंड किमान ०.४ हेक्टरचा हवा.

०.४ हेक्टर म्हणजे ४० गुंठ्यांना जरासे कमी. तुमचे ३४. मालकांची काठी कितीही फिरली तरी पाच-सहा गुंठे कमीच पडतात. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली जाऊ म्हणाल तर तिथेही किमान एक एकर शेतजमीन लागते, तोही ४० गुंठ्यांचाच. शेजारी सहा गुंठे विकत असेल तर गोष्ट वेगळी. पण तुम्हाला गरज आहे हे कळलं की त्या सहाचा भाव काय होतो ते मी पाहिलंय.

पोहायच्या टँकचं तर नावच काढू नका. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत असल्या हॉटेलांना जमिनीतलं पाणी उपसता येत नाही, त्यापुढे भूजल मंडळाची संमती लागते.

आता मालकांना एकच विचारा: या चार खोल्या कोणत्या परवानगीने उभ्या राहिल्या? ते घरपट्टीची पावती काढून दाखवतील. घरपट्टी म्हणजे पंचायतीने कर घेतला, एवढंच. परवानगी नव्हे आणि मालकीही नव्हे. स्थानिक लोकांना आपल्या असलेल्या घरात, जोतं न वाढवता, दर्शनी भाग न बदलता होम स्टे चालवायला मुभा आहे. तुमचे मालक त्यात बसत असतील. तुम्ही 'स्थानिक' कशा ठरणार, ते वकिलाकडून लिहून घ्या.

२३ गुंठे बागायत, म्हणजे कूळकायद्याचं कलम ६३ आलं. बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही. साहेबांचा शेतकरी असल्याचा दाखला कोरेगावहून आणा आणि बागायतीचं खरेदीखत त्यांच्या एकट्याच्या नावाने करा. बहिणींचं 'काही नाही' हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. हक्कसोड नोंदवलेलं हवं, त्याचा फेरफार मंजूर झालेला हवा, आणि मग विसाराची आगाऊ रक्कम. आधी नाही.

आणि मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे हद्दींचा सरकारी नकाशा, घ्याच. गडगा (दगडांचं कुंपण) म्हणजे हद्द नव्हे. माझं इथलं नाव तेच असलं तरी.

उंडी | १३ जून

गडगा यांनी कागदाचं सांगितलं, मी धंद्याचं सांगतो. २०१६ मध्ये दापोली तालुक्यात अशीच चालू जागा घेतली. पाच खोल्या, ३८ गुंठे, मालक वयस्कर, मुलगा बाहेरगावी. तुमचा धागा वाचताना माझीच जुनी डायरी कोणी चोरली की काय असं वाटलं. मी तेव्हा हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसायचो आणि वीकेंडला कोकणात येऊन 'इथेच राहावं' म्हणायचो. हे वाक्य माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा रविवारी अकरा वाजता बिल देताना म्हणतो. सोमवारी कोणी म्हणत नाही, कारण सोमवारी कोणी नसतं.

तुमचा पहिला प्रश्न, काय विकत घेतो? मला वाटलं मी पाच खोल्या घेतल्या. प्रत्यक्षात मी एका बाईंच्या हातचं जेवण घेतलं होतं आणि ते खरेदीखतात लिहिलेलं नव्हतं. जुन्या मालकांकडे एक मावशी स्वयंपाकाला होत्या. त्यांचं तिसल्यांचं (शिंपल्यांचं) सार आणि उकडीचे मोदक यांसाठी मुंबईची कुटुंबं दरवर्षी त्याच तारखांना यायची. मी शहरी शहाणा. आल्या आल्या मेनूकार्ड छापलं, पनीर आणलं आणि मावशींना सांगितलं की रोजचा हिशेब वहीत लिहा. त्या काही बोलल्या नाहीत. गणपतीला घरी गेल्या त्या आल्याच नाहीत. पुढच्या मे महिन्यात जुनी आठ कुटुंबं आली, त्यातली सहा पुन्हा फिरकली नाहीत. त्या मावशी आता दोन वाड्या सोडून दुसऱ्याकडे करतात. रस्त्यात भेटल्या की हसतात, मी मान खाली घालतो.

म्हणून सांगतो, खोल्या बघायच्या आधी चूल बघा. जेवण मालकीणबाई करत असतील तर त्या गेल्यावर धंदा जातो. कोणी कामाला असेल तर मालकांच्या पाठीमागे तिच्याशी बोला.

उत्पन्नाचं. रजिस्टर बघू नका, चादरी मोजा. रजिस्टरमध्ये माणूस काहीही लिहितो. चादर धुवायला पैसे लागतात, तिथे कोणी खोटं लिहीत नाही. धुणारी कोण, नगावर घेते की महिन्यावर, ते बघा. दुसरं, महावितरणचं बिल. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. एसीच्या खोल्या भरल्या की युनिट लपत नाहीत. तिसरं, ऐन पावसात आडवारी पाहुणे म्हणून जाऊन राहा. मालकांना कळू द्या हवं तर. छप्पर मात्र कळवून गळत नाही.

हे झालं जमेचं. खर्चाची बाजू कोणी सांगत नाही. खाऱ्या वाऱ्याने माझे एसीचे बाहेरचे डबे तीन वर्षांत गंजले, नळ दोन वर्षांत. वानरं. वानरांवर मी स्वतंत्र धागा काढू शकतो. एक टोळी सकाळी कौलांवरून गेली की दुपारी कौलं शाकारणाऱ्याला फोन, आणि तो म्हणणार, "उद्या येतंव." तो उद्या कोकणातला उद्या असतो. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन धंद्यात, विहीर तळ गाठते. तुमची तर सामाईक. पाहुणे दिवसातून तीनदा आंघोळ करणार, समुद्रावरून आले की चौथ्यांदा, आणि शेजाऱ्याच्या पोफळी शिंपायची पाळी त्याच दिवशी. पहिल्या उन्हाळ्यात माझं शेजाऱ्याशी जे वाजलं ते टँकरने मिटवावं लागलं. शौचकूप विहिरीपासून किती लांब आहे तेही बघा. जांभ्यातून पाणी झिरपतं, तो काही गाळून देत नाही.

आणि ३ जून २०२०. निसर्ग वादळ. लॉकडाऊनमुळे एकही पाहुणा नव्हता हे एक देवाचं. सकाळी पोफळी वाकायला लागल्या, दुपारी कमरेत मोडून पडल्या. ९० पैकी १७ उरल्या. दोन खोल्यांची छपरं गेली. वीज सव्वा महिन्याने आली. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तेव्हा लावलेल्या आत्ता कुठे मान वर काढतायत. तुमच्या दीडशे पोफळींचे पैसे किमतीत धरले असतील तर विमा कशाकशाचा मिळतो ते आधी विचारा. झाडांचा मला कोणी दिला नव्हता.

एवढं असून मी अजून इथेच आहे. त्याचं कारण विचारू नका, मलाही नीट सांगता येत नाही.

धक्क्यावर | १३ जून

मी दुसऱ्या बाजूची. विकणाऱ्याची मुलगी.

माझ्या बाबांनी २०१८ मध्ये मालवण तालुक्यातली आमची तीन खोल्यांची जागा विकली. जाहिरात मीच लिहिली होती आणि हो, 'विस्ताराला वाव' मीच लिहिलं होतं. तेव्हा त्यात लबाडी वाटली नाही. बाबांना खरंच वाटायचं की पुढचा माणूस तरुण असेल, तो करेल. त्यांनी स्वतः वीस वर्षांत का केलं नाही हे आम्हाला कोणीच विचारलं नाही. त्यांना परवानगी मिळाली नव्हती, दोनदा. सुरंगीताई, तुमच्या मालकांना एवढं एकच विचारा, "काका, तुम्ही का नाही बांधल्या?" आणि उत्तर देताना ते कुठे बघतात ते बघा.

दुसरं म्हणजे फोन. आमचा सगळा धंदा बाबांच्या मोबाईल नंबरावर होता. वीस वर्षांतली गिऱ्हाइकं, व्हॉट्सअॅपवरचे 'यंदा येतोय काका' असे निरोप, सगळं. जागा विकली आणि नंबर बाबांकडेच राहिला, कारण त्यावर आत्या फोन करायची, बँकेचे मेसेज यायचे. नव्या माणसाने नाव बदललं, पाटी बदलली. पुढची दोन वर्षं मे महिन्यात लोक बाबांना फोन करायचे आणि बाबा सांगायचे, "आता मी नाही." घेणाऱ्याने लाखो रुपये नावासाठी मोजले होते आणि नाव आमच्या दिवाणखान्यात वाजत होतं. सिम कार्ड लिहून घ्या. हसू नका, खरंच सांगतेय. गुगलवरच्या पानाचा ताबाही लिहून घ्या.

आणि जमलं तर एक हंगाम भाड्याने चालवून बघा. आमच्याकडे आधी एकाने तसं विचारलं होतं, बाबांनी रागाने नाही म्हटलं. आज वाटतं, हो म्हणायला हवं होतं.

पुणेकर_पाहुणा | १३ जून

मी आपला गप्प बसतो. पण तिसल्यांचं सार कुठे मिळतं तेवढं सांगा.

सुरंगी | २४ ऑगस्ट

उशीर झाला, माफ करा. सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

जुलैत एका मंगळवारी आम्ही दोघं जाऊन राहिलो. मुसळधार पाऊस. चारपैकी एका खोलीत कोपऱ्यात बादली ठेवलेली होती. मालकांनीच हसत दाखवली, त्यामुळे तो मुद्दा माझ्या यादीत वरून खाली गेला. स्वयंपाक मालकीणबाई करत नाहीत. वाडीतल्या एक काकी येतात, पन्नाशीच्या. त्याच चादरी धुतात, नगाला १० रुपये.

उंडीदादा, तुम्ही 'चादरी मोजा' म्हणालात. मला वाटलं होतं वहीबिही मागावी लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला स्वयंपाकघरात गेले तर दारामागे कालनिर्णय. अकरा वर्षं मी कंपन्यांचे ताळेबंद वाचले, पण असा स्वच्छ कागद पाहिला नव्हता. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी. 'दू' म्हणजे दूध, त्यापुढे लिटर. 'सि' म्हणजे सिलिंडर आला. आणि गोल करून एक आकडा, तो चादरींचा. मागचं वर्षही तिथेच होतं, नव्या कॅलेंडरच्या खाली त्याच खिळ्याला. मी काकींना विचारलं, फोटो काढू का? त्या म्हणाल्या, "काढा की, त्यात काय हाय, चादरीच तर हायत."

घरी येऊन बेरीज केली. वर्षाच्या ४१८ चादरी. प्रत्येक मुक्कामाला दोन, एक गादीची, एक पांघरायची. म्हणजे २०९ मुक्काम. शुक्रवार-रविवारवाले आणि एका रात्रीचे मिळून सरासरी १.७ रात्री धरल्या तर साधारण ३५५ रात्री. रजिस्टर म्हणत होतं ६००. वीजबिल चादरींच्या बाजूने बोललं. म्हणजे खोल्यांचं उत्पन्न १५ लाख ६० हजार नाही, सव्वानऊ लाखांच्या आसपास. त्यातून काकींचा आणि वाडीतल्या गड्याचा पगार, वीज, दुरुस्ती, बुकिंग साइटवाल्यांचं कमिशन गेलं की हातात पावणेचार-चार. जेवणाचे थोडे वर. १ कोटी ३५ लाखांवर तीन टक्के. मुदतठेवीला कौलं शाकारावी लागत नाहीत.

मालक खोटारडे नाहीत, हे मुद्दाम लिहिते. मी आकडे समोर ठेवले तेव्हा ते रजिस्टर घेऊन बसले. फोनवर आलेलं प्रत्येक बुकिंग त्यांनी लिहिलंय, रद्द झालेलं कोणी खोडलंच नाही. वर मुलाचे मित्र, बहिणींची कुटुंबं, सगळे त्यात. स्वतःच ते पानं उलटत राहिले आणि शेवटी म्हणाले, "अरेच्चा." त्यांनाही इतकी वर्षं वाटत होतं की धंदा छान चाललाय.

धक्क्यावर, तुमचा प्रश्न विचारला. काठी दोन्ही हातांत धरून ते जायफळाच्या झाडाकडे बघत बसले. मग मालकीणबाईच म्हणाल्या, "दोनदा अर्ज केलान, दोनदा परत आला. ३४ गुंठ्यांत होत नाही म्हणाले." गडगा यांचे ते पाच-सहा गुंठे, शब्दशः. चार खोल्यांपैकी दोन बिनशेती आदेशाच्या नकाशावर आहेत. उरलेल्या दोन जुन्या गोठ्याच्या जोत्यावर, त्यांचा कागद म्हणजे घरपट्टी. मोजणीचा अर्ज मालकांनी भरलाय, तारीख दिवाळीनंतरची मिळालीय. धाकट्या बहिणीने हक्कसोड नोंदवून दिलं. थोरल्या बाई म्हणतायत, "वाटा नको, पण मे महिन्यात पंधरा दिवस खोली हवी, मरेपर्यंत." ही अट खरेदीखतात कशी लिहितात ते वकिलांना विचारायचंय. मला मात्र ती मागणी रास्त वाटली.

तर सध्या खरेदी नाही. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने मी भाड्याने चालवणार, ३ लाख, नोंदणीकृत करार. आवडलं आणि मोजणी नीट आली तर घर, वाडी आणि कागद असलेल्या दोन खोल्या एवढ्याचेच पैसे. रेघांचे शून्य. मालकांनी आकड्यावर हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. सिम कार्ड मात्र माझ्याकडे आलंसुद्धा. काल त्यावर पहिला फोन आला, नाशिकच्या एका आजींचा. मी बोलले तर म्हणाल्या, "तुम्ही कोण? वहिनी कुठायत?"

आता नवा प्रश्न. काकींनी पहिल्याच दिवशी बजावलंय: शिमग्याला आठ दिवस आणि गणपतीत दहा दिवस त्या येणार नाहीत, "आदीच सांगते." गणपती माझ्या करारात येत नाहीत. पण शिमग्याला लागून शनिवार-रविवारची दोन बुकिंगं आत्ताच आलीत. चारही खोल्या. मला वीस माणसांचा स्वयंपाक जमत नाही. चिपळूणहून कोणी आचारी मिळेल का?

गडगा | २४ ऑगस्ट

थोरल्या बहिणीची अट खरेदीखतात घालू नका, आयुष्यभराचा बोजा बसेल. वेगळा करार करा, आणि हक्कसोड आधी.

आचाऱ्याचं विसरा. चिपळूणचा आचारीही शिमग्याला स्वतःच्या गावी असतो.

उंडी | २५ ऑगस्ट

सुरंगीताई, ती दोन्ही बुकिंगं आजच परत करा. आगाऊ घेतलेल्या पैशांसकट.

त्या दिवसांत गावाची पालखी घरोघर फिरते, ती तुमच्या अंगणातही येईल. तेव्हा पडवीत अंघोळीचे टॉवेल वाळत नसावेत. अंगण सारवून घ्या, ओटीचं सामान आणि नारळ तयार ठेवा. साहेबांना त्या आठवड्यात नक्की बोलवा, खांदा द्यायला सांगतील. पालखी कधी येणार ते काकींनाच विचारा, कालनिर्णयवर त्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं असेल.